ग्रीन जगवा, फेअरवे पिवळे पडू द्या

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

मार्च सरत आला की धरणांतले साठे खाली जातात, शहरात एक दिवसाआड पाण्याची चर्चा सुरू होते आणि नेमकी तेव्हाच गोल्फच्या मैदानांवरची हिरवळ लोकांच्या डोळ्यांत खुपू लागते. त्यात गैर काही नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागत होते, आणि त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने राज्याबाहेर हलवायला लावले. तेव्हापासून मैदानाच्या गवताला पाणी द्यायचे की नाही, हा वाद दर उन्हाळ्यात उकरून निघतो. टीका करणारे म्हणतात, सगळेच पाणी तोडा. क्लबांचे पदाधिकारी म्हणतात, सगळेच मैदान हिरवे राहिले पाहिजे. हिरवळीची निगा राखणे हा ज्यांचा व्यवसाय आहे अशा आम्हा काहीजणांना दोन्ही मागण्या चुकीच्या वाटतात, कारण दोघेही साध्या क्षेत्रफळाचा हिशेब करत नाहीत.

अठरा होलच्या मैदानात ग्रीन, म्हणजे झेंडा आणि खळगा असतो तो बारीक कापलेला भाग, सरासरी ५०० चौरस मीटरचा धरा. अठरांचे मिळून ९,००० चौरस मीटर होतात. एक हेक्टरही भरत नाही. फेअरवे, म्हणजे पहिला फटका मारतात तिथून ग्रीनपर्यंतचे कापलेले पट्टे, मात्र १२ हेक्टरांच्या आसपास असतात; रफ, म्हणजे त्यांच्या कडेचे वाढलेले गवत, त्याहूनही जास्त. एक मिलिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. पुण्याच्या मे महिन्यातल्या उन्हात आणि वाऱ्यात हरळीच्या जातीचे गवत दिवसाला साडेचार ते पाच मिलिमीटर पाणी पिते. या दराने सगळ्या ग्रीन्सना रोज ४५,००० लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे साडेचार टँकर लागतात. फेअरवेंना तसेच पाणी द्यायचे तर ६ लाख लिटर, म्हणजे साठ टँकर. दरडोई १३५ लिटर या शहरी निकषाने पहिला आकडा साडेतीनशेच्या आत माणसांचा आणि दुसरा जवळजवळ साडेचार हजारांचा. भांडायचे असेल तर या दुसऱ्या आकड्यावर भांडावे.

उन्हाने हिरवळ मरते, हा सार्वत्रिक गैरसमज आहे. आपल्याकडच्या ग्रीन्सवर बहुतेक ठिकाणी हरळीच्या संकरित जाती असतात. त्यांतली टिफड्वार्फ अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टनच्या संशोधन केंद्रातून आलेली. हरळी उष्ण हवेतलेच गवत आहे. २७ ते ३५ अंशांत ती सर्वांत जोमाने वाढते आणि चाळिशीतही, मुळाशी ओल असली तर, तग धरते. युरोपातली किंवा उत्तर अमेरिकेच्या थंड भागांतली ग्रीन्स उन्हाळ्यात आजारी पडतात, कारण तिथे बेंटग्रास हे थंड हवेचे गवत असते. तिकडची पुस्तके वाचून आपल्याकडे भर दुपारी ग्रीनवर फवारे सोडणारे क्लब आहेत. त्या फवाऱ्याचे बरेच पाणी वारा आणि ऊन घेऊन जाते. (पाण्याचा थेंब भिंगासारखा काम करून पाते जाळतो, ही मात्र निव्वळ दंतकथा.) मे महिन्यात आपल्याकडे ग्रीन वाळते तेव्हा कारण जवळजवळ नेहमी चारांपैकी एक असते: पाणी सगळीकडे सारखे पडत नाही, मातीत क्षार साठले आहेत, पाते फार खाली कापले जाते आहे, किंवा मुळांना हवा मिळत नाही.

आधी फेअरवेंचे बोलू, कारण खरी बचत तिथेच आहे. फेअरवेवरच्या साध्या हरळीचे पाणी तोडले तर ती पिवळी, मग तपकिरी पडते, पण जमिनीखालच्या खोडांतून जिवंत राहते. बांधावरची हरळी उपटून थकलेल्या कोणत्याही शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. तिला रोज पाच मिलिमीटर द्यायची गरज नाही. दर वीस दिवसांनी एकदा, रात्रीतून दोन-तीन हप्त्यांत मिळून २० मिलिमीटर द्यावे. सरासरी दिवसाला एक मिलिमीटर, म्हणजे सहा लाखांचे सव्वा लाखाच्या आत. कापणीची उंची १२-१५ मिलिमीटरवरून २० वर न्यावी आणि वाढ थांबली की मोवर (गवत कापायचे यंत्र) फिरवूच नये. युरिया मार्चच्या मध्यानंतर पूर्ण बंद. खेळाडूंच्या बॅटरीवरच्या गाड्या फेअरवेवरून हटवून रस्त्यावर ठेवाव्यात, कारण झोपलेले गवत पाण्यावाचून जगते, पण रोजच्या चाकांखाली जगत नाही. काळ्या जमिनीवरच्या फेअरवेंना भेगा पडतील. दोन बोटांहून रुंद भेगांत वाळू आणि पोयटा भरून घ्यावा, पायही मुरगळत नाही आणि भेगेतून उडून जाणारी ओलही थांबते.

खेळाडू कुरकुर करतील. त्यांना एवढेच सांगावे की २०१४ ची यूएस ओपन स्पर्धा नॉर्थ कॅरोलायनातल्या पाइनहर्स्टच्या दोन क्रमांकाच्या मैदानावर झाली तेव्हा तिथल्या फेअरवेंच्या कडा चांगल्याच तपकिरी होत्या. गवत हरळीच्याच कुळातले होते, आणि पाण्याचे बरेचसे फवारे त्याआधीच मुद्दाम काढून टाकलेले होते. स्कॉटलंडमधल्या कार्नुस्टीला २०१८ ची ओपन स्पर्धा सुकलेल्या मैदानावरच झाली. कोरड्या जमिनीवर चेंडू जास्त घरंगळतो, एवढाच काय तो फरक.

तळ्यांचा विषय कुणी काढत नाही. मैदानातले एक एकराचे शोभेचे तळे मे महिन्यात दिवसाला सुमारे सात मिलिमीटर उडवते. म्हणजे रोज २८,००० लिटर, सगळ्या ग्रीन्सच्या गरजेच्या निम्म्याहून जास्त. तीन उथळ तळी भरून ठेवण्यापेक्षा फेब्रुवारीतच सगळे पाणी एका खोल, अस्तर घातलेल्या तळ्यात घ्यावे आणि बाकीची कोरडी पडू द्यावीत.

आता ग्रीन. ते मात्र वाळू देऊन चालत नाही. टिफड्वार्फसारख्या संकरित जातींना बी धरत नाही. ग्रीन मेले की रोपवाटिकेतून कांड्या आणून पुन्हा लावायच्या, आणि खेळण्याजोगे व्हायला अडीच-तीन महिने थांबायचे. तेवढ्यात कडेची साधी हरळी आत घुसते आणि एकदा घुसली की ती वेचून काढणे जवळजवळ अशक्य. साडेचार टँकर पाण्याची बाजू आम्ही घेतो ती या कारणासाठी, शोभेसाठी नव्हे.

तेही पाणी नीट पडते का, हे आधी तपासावे. सरळ भिंतींचे सारखे सोळा डबे ग्रीनवर चौकटीत मांडावेत, वारा नसताना स्प्रिंकलर पंधरा मिनिटे चालवावेत आणि प्रत्येक डब्यातले पाणी पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजावे. सर्वांत कमी पाण्याच्या चार डब्यांची सरासरी काढून तिला सोळा डब्यांच्या सरासरीने भागावे. उत्तर ०.८ आले तर उत्तम. ०.६ च्या खाली आले तर आधी दुरुस्ती, मग पाणी. ०.६ असलेल्या ग्रीनच्या कोरड्या कोपऱ्याला पाच मिलिमीटर पोहोचवायचे तर सरासरी सव्वाआठ मिलिमीटर ओतावे लागते. अठरा ग्रीन्सवर ते रोज ७५,००० लिटर होते, तेच ०.८ ला ५६,००० लिटरांत भागते. हा जवळजवळ दोन टँकरांचा फरक चार नोझल बदलून मिळतो. बहुधा दोष असा असतो: स्प्रिंकलरचे डोके कलंडलेले, किंवा खचून गवतात बुडालेले, नोझल झिजलेले, किंवा एकाच ग्रीनभोवती वेगवेगळ्या मापाची बसवलेली, दाब कमी. मोठ्या फिरत्या स्प्रिंकलरला नोझलपाशी चौरस सेंटिमीटरला साधारण साडेचार ते पाच किलोचा दाब लागतो, पंपघरातला काटा काय दाखवतो याला अर्थ नाही. एका डोक्याचा फवारा शेजारच्या डोक्यापर्यंत पोहोचलाच पाहिजे.

पाणी पहाटे तीन ते सहाच्या दरम्यान द्यावे. वारा पडलेला असतो आणि पाते उजाडता उजाडता सुकते. नीट बांधलेल्या ग्रीनखाली ३० सेंटिमीटर वाळूचा थर आणि त्याखाली १० सेंटिमीटर खडी असते. रोज चार-पाच मिलिमीटरचा शिडकावा केला तर मुळे वरच्या दोन बोटांतच राहतात. त्याऐवजी एक दिवस आड नऊ-दहा मिलिमीटर द्यावे. दुसऱ्या दिवशी दुपारी पाते निळसर-करडे दिसले, किंवा पावलाचा ठसा उमटून तसाच राहिला, तर तेवढ्याच जागेला नळीने हाताने पाणी द्यावे. एका चकतीसाठी सगळे स्प्रिंकलर सोडणे ही सर्वांत महागडी सवय.

काही चकत्या कितीही पाणी दिले तरी कोरड्याच राहतात. तिथला मातीचा कोअर, म्हणजे नळीने काढलेला उभा तुकडा, बाहेर काढून आडवा ठेवावा आणि त्यावर एक-एक सेंटिमीटरवर पाण्याचा थेंब सोडावा. थेंब पाच सेकंदांहून अधिक काळ तसाच बसून राहिला तर कुजलेल्या सेंद्रिय द्रव्याचा मेणचट लेप वाळूवर बसला आहे. मग आणखी पाणी ओतून उपयोग नाही, ते बाजूने वाहून जाते. फोर्कने बारीक भोके पाडून ओल धरवणारे वेटिंग एजंट लेबलवरच्या मात्रेने द्यावे आणि लगेच वरून पाणी देऊन ते मुळापर्यंत उतरवावे. पात्यावर राहिले तर चट्टे पडतात.

कापणीबद्दल क्लबांच्या समित्यांशी सगळ्यात जास्त वाद होतो. एप्रिल-मे मध्ये स्पर्धा ठेवायची, ग्रीन वेगवान हवे म्हणून चार मिलिमीटरच्या खाली उतरायचे आणि आठवडाभराने माळ्याला जाब विचारायचा, ही रीत बंद व्हावी. पाते जितके आखूड तितकी मुळे उथळ. चारवरून पावणेपाच मिलिमीटरवर यावे, रोजची कापणी एक दिवस आड करावी आणि मधल्या दिवशी हलका रोलर फिरवावा. चेंडूच्या वेगात पडणारा फरक बहुतेक खेळाडूंना कळत नाही. मोवरचा खाचांचा पुढचा रोलर काढून साधा गुळगुळीत रोलर लावावा, पात्याला कमी इजा होते. धार रोज तपासावी: आपल्याच दैनिकाच्या कागदाची पट्टी रील (फिरती सुरी) आणि बेडनाइफ (खालची स्थिर सुरी) यांच्या मध्ये धरून रील हाताने फिरवावा. पट्टी सगळ्या लांबीवर स्वच्छ कापली गेली तर ठीक. कुठे दुमडली किंवा फाटली तर तेवढ्या भागात गवतही फाटते, शेंडे पांढरे पडतात, आणि लांबून पाहणाऱ्याला वाटते पाणी कमी पडले. मग पाणी वाढवले जाते, आणि खरा दोष मोवरमध्येच राहून जातो.

प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरा, असा आग्रह सर्वत्र होतो आहे आणि तो योग्यच आहे. पण टँकर बदलला म्हणजे काम झाले असे नाही. त्या पाण्याची विद्युतवाहकता (पाण्यातले क्षार हिच्यावरून मोजतात) १.५ डेसिसीमेन्स प्रति मीटर असेल, तर लिटरमागे साधारण ९६० मिलिग्रॅम क्षार येतात. महिन्याला १५० मिलिमीटर पाणी दिले की चौरस मीटरमागे १४४ ग्रॅम, आणि ५०० चौरस मीटरच्या एका ग्रीनमध्ये ७२ किलो मीठ जाऊन बसते. जवळजवळ दीड पोते. पाणी उडून जाते, क्षार तिथेच राहतात. आधी पात्यांचे शेंडे करपतात, मग सकाळी सखल जागी पांढरी पापुद्र्यासारखी साय दिसते. दर दोन-तीन आठवड्यांनी एका रात्री तीन-चार हप्त्यांत मिळून ४० ते ५० मिलिमीटर पाणी देऊन हे क्षार खाली धुऊन काढावेच लागतात. धुण्याआधी निचऱ्याच्या पाइपांची तोंडे उघडी आहेत का, ते बघावे. धुताना तिथून पाणी आले नाही तर क्षार कुठेच गेले नाहीत, उलट मुळे बुडाली. या धुण्याचे पाणी हिशेबात धरूनच पाण्याचा करार करावा. नाहीतर मे महिन्यात पाणी कमी म्हणून धुणे टळते आणि जूनच्या आत ग्रीन जाते.

प्रयोगशाळेच्या अहवालात सोडियमचे प्रमाण जास्त आले तर चौरस मीटरला ५० ग्रॅम, म्हणजे एका ग्रीनला २५ किलो, जिप्सम पसरून मग धुवावे. सोडियम कमी असताना सवयीने जिप्सम टाकणे म्हणजे क्षारांत क्षार वाढवणे. पालाश द्यायचे तर म्युरेटऐवजी (पोटॅशियम क्लोराइडऐवजी) सल्फेट ऑफ पोटॅश द्यावे, क्लोराइड आधीच भरपूर आलेले असते. नत्राचाही हिशेब धरावा. प्रक्रिया केलेल्या पाण्यात लिटरला १० मिलिग्रॅम नत्र असेल, तर महिन्याच्या १५० मिलिमीटरमधून चौरस मीटरला दीड ग्रॅम नत्र फुकट मिळते. ते एका ग्रीनवर सव्वातीन ग्रॅमच्या हिशेबाने दीड किलोहून जास्त युरियाइतके होते. तेवढा युरिया कमी केला नाही तर गवत लुसलुशीत होते, जास्त पाणी मागते आणि रोगाला बळी पडते.

आरोग्याचीही एक बाजू आहे. हे पाणी रात्रीच, मैदान रिकामे असताना द्यावे. त्याचे पाइप पिण्याच्या पाण्याच्या पाइपांपासून पूर्ण वेगळे आणि वेगळ्या रंगाचे असावेत, आणि पहिल्या टीवर, म्हणजे खेळ सुरू होतो त्या जागी, ठळक पाटी लावावी. टी-पेग (चेंडू ठेवायची छोटी खुंटी) दातांत धरून उभे राहणारे आणि चेंडू थुंकीने पुसणारे खेळाडू कमी नाहीत.

ग्रीनवर पसरायच्या वाळूबद्दल थोडक्यात. नदीच्या वाळूवर निर्बंध आल्यापासून क्रश सँड सर्रास येते. तिच्यातली दगडाची भुकटी ग्रीनचा श्वास कोंडते. बाटलीत वाळू आणि पाणी घालून हलवावे. वाळू मिनिटभरात बसते, त्यानंतरही पाणी दुधाळ राहिले तर ती खेप परत पाठवावी. एकदा निवडलेली वाळू बदलू नये. वेगवेगळ्या वाळूंचे थर एकमेकांवर आले की पाणी त्यांच्या सीमेवर अडते आणि काही महिन्यांत तिथे सडक्या अंड्याच्या वासाचा काळा थर तयार होतो. वाळूचा हलका थर द्यायचा तर एका वेळी अर्धा मिलिमीटर, म्हणजे ग्रीनला २५० लिटर, आणि तो कापणीनंतर. आधी दिला तर मोवरची धार गेलीच. मुळांना हवा मिळावी म्हणून पोकळ दातांच्या यंत्राने पाडायची भोके, १२ मिलिमीटर व्यासाची आणि आठ-दहा सेंटिमीटर खोल, पाण्याची खात्री असेल तर एप्रिलच्या मध्यावर पाडावीत. हरळी तेव्हा जोमात असते आणि दोन-तीन आठवड्यांत भोके भरून निघतात. पाण्याची खात्री नसेल तर आठ मिलिमीटरच्या भरीव सुयांवर भागवावे. ४० अंशांत, पाणीकपात चालू असताना उभ्या पात्यांनी गवत खरवडू नये.

वळवाचा पहिला पाऊस पडला की सगळे निःश्वास टाकतात, पण रोग आणि किडीच्या दृष्टीने तोच धोक्याचा आठवडा. तापलेल्या जमिनीवर दमट रात्री आल्या की बुरशी रातोरात पसरते. म्हणून त्या आठवड्यात नत्र नाही, संध्याकाळचे पाणी नाही, आणि पहाटे लांब बांबू फिरवून पात्यांवरचे दव झटकावे. त्याच पावसानंतर हुमणीचे भुंगेरे संध्याकाळी बाहेर पडून कडुलिंब आणि बाभळीवर बसतात आणि पुढे जमिनीत अंडी घालतात. मैदानाच्या कडेच्या अशा झाडांखाली दिवा आणि रॉकेलमिश्रित पाण्याचे घमेले ठेवून भुंगेरे गोळा केले तर ऑगस्टमध्ये ग्रीनखालची मुळे खाल्ली जाणे बरेच टळते. ऊसपट्ट्यात हे सर्वांना पाठ आहे. मैदानांवर मात्र अळ्या दिसू लागल्यावर औषधे शोधली जातात, तोवर त्या खोल गेलेल्या असतात.

महापालिकांना आणि क्लबांना आमची विनंती अशी. १ मार्च ते मान्सून स्थिरावेपर्यंत फेअरवे आणि रफसाठी पिण्याचे पाणी आणि कूपनलिकेचे पाणी पूर्ण बंद करावे. ग्रीन आणि टी यांना फक्त प्रक्रिया केलेले पाणी, तेही ठरलेल्या कोट्याने, द्यावे. टीचा कोटा ग्रीनच्या निम्म्याने पुरतो. ग्रीन, टी आणि फेअरवे यांच्या पाइपांवर वेगवेगळी मीटर बसवावीत. आज बहुतेक ठिकाणी पंपावर एकच मीटर असते, त्यामुळे कुठे किती गेले हे खुद्द क्लबालाही सांगता येत नाही. कोटा मागणाऱ्या क्लबाने प्रत्येक ग्रीनची डब्यांची चाचणी आणि पाण्याचा, मातीचा तपासणी अहवाल अर्जासोबत जोडावा, आणि सगळ्या मीटरांचे आकडे दर सोमवारी फाटकावरच्या फळ्यावर लिहावेत. ग्रीनचा आठवड्याचा आकडा सव्वातीन लाख लिटरांच्या आसपास असायला हवा. ज्या आठवड्यात क्षार धुतले, त्या आठवड्यात त्यावर साडेचार लाखांपर्यंत वाढ दिसेल आणि ती तशी नोंदवलेली असावी. त्याहून जास्त आकडा दिसला तर जाब विचारायला नागरिकांनी जरूर यावे.

आपले,
मैदानांच्या हिरवळीच्या देखभालीचे काम करणारे काही वाचक, पुणे